गरिबाचा तुकडा

नाणं सापडलं ते नेमकं गरिबाच्या तुकड्यात, आणि सगळी पंचाईत तिथून सुरू झाली.

तोवर सारं रीतीप्रमाणे चाललं होतं. नव्या वर्षाची वासिलोपिता टेबलावर मांडलेली, आत एक नाणं लपवून भाजलेला परातीएवढा केक. पाद्रीबाबांनी सुरीने त्यावर क्रॉस काढून दिला आणि पालक संघाच्या अध्यक्ष थेक्लाबाई कापायला लागल्या. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा मरियामाउलीचा, मग शाळेचा, मग गरिबाचा. पोरांचे तुकडे त्यानंतर. ग्रीसमधल्या कुठल्याही शाळेत पोरांना हा क्रम पाठ असतो. गरिबाचा तुकडा दरवर्षी कापतात, बाजूला ठेवतात आणि नंतर तो कोण खातं ते देव जाणे. आतलं नाणं त्याच तुकड्याबरोबर वर येईल, असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आणि ज्याला नाणं त्याला सायकल, असं आधीच जाहीर झालेलं. सायकल स्टेजवर उभी होती, लाल, हँडलला फीत बांधलेली.

"म्हणजे आता कुणालाच नाही?" पहिल्या रांगेतून एक रडवेला आवाज आला.

"असं कसं? तुकडा गरिबाचा, तर सायकलही गरिबाची," मुख्याध्यापक पेरियांद्रोस सर माइकवर म्हणाले. "बोला, तुमच्यात गरीब कोण आहे?"

विनोद केला होता त्यांनी. पण पोरांना सायकल दिसत होती. झाडून सगळे हात वर गेले.

"मी गरीब, सर."

"मी जास्त गरीब. माझी सायकल जुनी झालीय."

डेंटिस्टचा मुलगा स्त्रातोस तर खुर्चीवर चढून दोन्ही हात हलवत होता. पालक हसून हसून बेजार. "आमच्या घरी या, गरिबी दाखवते तुम्हाला," कुणाची तरी आई म्हणाली, तशी आणखी खसखस पिकली. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल, जो तो आपापल्या गरिबाचं शूटिंग करतोय.

लेमोनियाचा हात तेवढा खाली होता. नुसता खाली नाही, मांडीखाली दाबून धरलेला. सायकल तिलाही हवी होती. हवी होती म्हणजे काय, सकाळी हॉलमध्ये कुणी नसताना तिने तिची घंटी हळूच वाजवून पाहिली होती.

"तू का नाही गं हात वर करत?" शेजारच्या स्त्रातोसने वरूनच विचारलं.

"आम्ही गरीब नाही."

"अगं वेडाबाई, कुणीच नाहीये. नुसतं म्हणायचं."

तिने हात मांडीखाली आणखी आत सरकवला. नाताळच्या आधी पालक संघाचं किराण्याचं एक खोकं तिच्या घरी आलं होतं. त्याबद्दल शाळेत अवाक्षर काढायचं नाही, असं आईने बजावून ठेवलेलं. आई, गरिफालिया, मागच्या रांगेत बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. ते खोकं थेक्लाबाईंनी स्वतः आणून दिलं होतं. मागच्या दाराने. "या कानाचं त्या कानाला कळणार नाही," असं देव्हाऱ्यातल्या तसबिरीकडे बघून शपथेवर म्हणाल्या होत्या.

थेक्लाबाई वाईट नव्हत्या, हेच तर खरं दुखणं. वाईट माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात. पोरांचा तो दंगा पाहून त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यात गरिबाच्या तुकड्यात नाणं निघालेलं. त्यांच्या दृष्टीने हा देवाचाच कौल होता. सरांच्या हातातून त्यांनी माइक घेतला.

"हात खाली करा, बाळांनो. गरिबीची थट्टा करू नये. कुणाचा तुकडा कुणाच्या पानात पडायचा, ते वरच्याला बरोबर कळतं." त्यांचा आवाज भरून आला. "लेमोनिया, ये गं माझी राणी. ये वर."

हात खाली आले. स्त्रातोस खुर्चीवरून उतरला आणि लेमोनियाकडे असा बघायला लागला, जशी काही ती आजच वर्गात नवीन आलीय.

लेमोनियाने वळून आईकडे पाहिलं. आईने मानेनेच खूण केली, जा. दुसरं काय करणार होती ती? एवढ्या माणसांत 'नको' म्हणायलाही ऐपत लागते.

पोरगी स्टेजवर गेली. थेक्लाबाईंनी तिला पोटाशी धरलं, तिचा हात उचलून सायकलच्या हँडलवर ठेवला आणि माइक तिच्या तोंडासमोर धरला.

"बोल बाळा. काय सांगशील सगळ्यांना?"

लेमोनियाने हँडलवरचा हात काढून घेतला.

"आम्ही गरीब नाही," ती म्हणाली. आवाज बारीकच होता, पण माइकमुळे पार शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. "बाबांना काम लागलं की आम्ही खोकं परत आणून देऊ. त्यातलं तेल तेवढं संपलंय."

मग कुणीतरी म्हणालं, "किती गोड आहे पोरगी," सरांनी टाळ्या सुरू केल्या आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. थेक्लाबाई रुमालाने डोळे टिपत होत्या.

मागच्या रांगेत गरिफालियाही टाळ्या वाजवत होती. ती थांबली असती, तर सगळ्यांनी मागे वळून पाहिलं असतं.