अंगणातला तंबू

गुणाजी तांडेलाने होडीवर जाणं सोडलं आणि महिनाभरात बायकोला, सत्यवतीला, स्कूटरवर मागे बसवून तो फिरायला निघाला. सोबत एक जुना तंबू, स्टोव्ह आणि डबाभर सुकट. गणपतीपुळ्याला ओळखीच्या माणसाच्या नारळीच्या बागेत तंबू लागला. देवरूखला होडीवरच्या जुन्या खलाशाने गूळपाणी दिलं, पडवी दिली, वर आणखी राहा म्हणून गळ घातली.

हर्णेहून मुलाचे, हितेशचे, रोज फोन. "आई, या वयात लोकांच्या दारात तंबू ठोकून झोपता? गावात माझी अब्रू गेली. आपलं घर आहे ना? मुकाट्याने घरी या."

"येतो हो," सत्यवती म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी दोघं आली. फाटकावर हितेशने लावलेली होमस्टेची पाटी चमकत होती. आत न जाता गुणाजीने अंगणातच तंबू उलगडला आणि सत्यवती दगडाने खुंट्या ठोकायला बसली.

हितेश धावत आला. "आई, हे काय चाललंय? पाव्हणे बघतायत!"

आवाजाने समुद्राकडच्या खोलीच्या खिडकीत पुण्याची एक बाई येऊन उभी राहिली. "मावशी, तुम्हाला खोली नाही मिळाली का हो?" तिने कळवळून विचारलं.

सत्यवतीने हितेशकडे बघत शेवटची खुंटी ठोकली.



"होती ना. लग्न होऊन आले तेव्हापासून होती. तुम्ही उभ्या आहात, तीच."