बस पुढे जाणार नाही

दुपारी निकाल लागला. नि:शस्त्र ओटिस रँडलच्या पाठीत गोळी घालणारा गोरा पोलीस निर्दोष सुटला, आणि मिसिसिपी नदीकाठच्या त्या शहरातली सगळी काळी वस्ती रस्त्यावर उतरली. संध्याकाळी पोलिसांनी ड्रायव्हर व्हर्डेलची सिटी बस अडवली, प्रवासी उतरवले आणि हात बांधलेली तीस माणसं आत कोंबली. त्यांत त्याच्या चर्चमधल्या पर्लमावशीही होत्या.

"चल, तुरुंगाकडे घे," अधिकारी म्हणाला.

व्हर्डेलने इंजिन बंद केलं. "या माणसांना मी बावीस वर्षं घरी सोडतोय, साहेब. तिकडे नाही नेणार."

"नोकरी जाईल. पोरंबाळं आहेत ना घरी?"

"आहेत. तीन मुलगे आहेत."

तो उठून दारात आला. एवढ्या मोठ्या शहरात आपण एकटेच वेडे ठरलो, असं त्याला वाटून गेलं. अधिकाऱ्याने बसमधला वायरलेस उचलून डेपोला दरडावलं, "याला काढून टाका आणि ताबडतोब दुसरा ड्रायव्हर पाठवा!"

पलीकडून बाईचा थकलेला आवाज आला, "कुठून पाठवू, साहेब? दुपारपासून नाही म्हणणारा हा नववा."