खांद्याला माणसं

उत्तम इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यापाशी आला आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी मोठ्याने रडलं. दत्ताराम घाडी गेले होते. आठवडाभर आज-उद्या चाललंच होतं.

बारा वाजता त्याला वरळीच्या एका ऑफिसात भेटायला जायचं होतं. स्टोअरकीपरची जागा होती. रुपालीने, त्याच्या बायकोने, हॉस्पिटलातल्या आपल्या मॅडमना चार-चारदा सांगून ही भेट ठरवली होती. छापखाना बंद पडून तीन वर्षं झाली होती. पहिलं वर्षभर उत्तम रोज कुठे ना कुठे अर्ज करायचा. दुसऱ्या वर्षी कोणी विचारलं, की 'बघतोय' म्हणायचा. आता कोणी विचारत नव्हतं.

त्याने घड्याळ पाहिलं. साडेदहा. तो खाली उतरायच्या ऐवजी वर चढला. चढताना एकदम हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याची त्याची त्यालाच लाज वाटली.

घाडींच्या खोलीत सगळ्या बायकाच होत्या. कमळाबाई नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांची एकुलती एक मुलगी नम्रता शीवहून निघाली होती, अर्ध्या तासात पोचणार होती. शेजारची लक्ष्मीकाकी म्हणत होती, पुरुषमाणसं संध्याकाळी येतील, तोवर ठेवावं लागेल. कमळाबाईंनी मान हलवली. त्यांचे सासरे असेच सकाळचे गेले होते. तेव्हा अख्खी चाळ मिलमध्ये. पहिली पाळी तीनला सुटली, तेव्हा कुठे चार माणसं मिळाली.

त्या उत्तमला म्हणाल्या, "ह्यांका तसा ठेवूक नको. बघ रे झिला, कोण गावता काय."

उत्तमने पहिलं दार ठोठावलं ते निलेशचं. त्याची बायको ड्युटीवर होती, त्याच्या हाताला कणीक लागलेली होती. एका मजल्यावर राहून त्याने आणि उत्तमने महिनाभरात एकमेकांना दिवसाउजेडी पाहिलं नव्हतं. पुढच्या दारात अभय होता, बनियनवर, अंथरुणातून उठून आलेला. मागे टीव्ही आवाज बंद करून चालू होता. तिसऱ्या दाराला हात लावायच्या आधीच आतून कडी सरकली. घरी कसा, असं कोणी कोणाला विचारलं नाही. 'आलो' म्हणाले, आणि आले.

पंधरा मिनिटांत खाली चौकात अकरा जण जमले. तिशी ते पन्नाशीतले. एक डॉक्टरला आणायला गेला, दोघे बांबू घेऊन आले, एकाने मडकं आणलं. भराभर सगळं झालं. मग काम उरेना. एकाने झाडलेला चौक दुसरा पुन्हा झाडू लागला.

कमळाबाई वर कठड्यापाशी आल्या. त्यांनी खाली पाहिलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

सव्वाअकराला रुपालीचा फोन आला. पोचलात का, म्हणून विचारत होती. घाडीकाका गेले, आपण इथेच आहोत, असं उत्तमने सांगितलं. तिच्या मागे टोकनचे नंबर पुकारत होते. मग ती हळूच म्हणाली, "दुसरं कोणी नव्हतं का खांदा द्यायला?"

उत्तमने चौकात नजर फिरवली. अभय बांबू धरून बसला होता, निलेश सुतळी बांधत होता. बाकीचे हात मोकळे सोडून भोवती उभे होते, कोणीतरी काहीतरी सांगेल म्हणून.

"नाही गं," तो म्हणाला. "सगळे कामावर गेलेत."

कोणी वर पाहिलं नाही. निलेश सुतळीची गाठ आवळत होता. गाठ कधीच बसली होती, तरी तो आवळत राहिला.