पान एकशे बेचाळीस

"तेवढं एक पान काढून द्या, काका," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

ग्रंथपालकाकांनी तिसऱ्यांदाही तेच सांगितलं. प्रबंध म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर नव्हे, महिना संपला की पान फाडायला. त्यासाठी अर्ज करावा लागतो, त्यावर मार्गदर्शकांची सही लागते, मग समिती बसते. आणि समिती एकदा बसली की कधी उठेल ते तिचं तिलाच माहीत नसतं.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिकडे शुक्रवारचं प्रवचन सुरू व्हायला अजून पस्तीस मिनिटं होती.

तिने जिथे संशोधन केलं, त्या अरब देशात शुक्रवारचं प्रवचन सरकार लिहून पाठवायचं. मशिदीमशिदीत तोच कागद, त्याबाहेर बोलणं गुन्हा. कोण तो जसाच्या तसा वाचतो, कोण त्यातल्या दोन ओळी गिळतो, कोण स्वतःच्या दोन घालतो, यावर तिचा सगळा प्रबंध होता. पान एकशे बेचाळीसवर एका लहान गावातले म्हातारे इमाम होते. त्यांच्याच घरी ती सात महिने राहिली होती, त्यांच्या मुलीच्या खोलीत झोपली होती. प्रबंधात तिने त्यांचं नाव बदललं, गाव बदललं, मुलंसुद्धा एकाची तीन केली. एक गोष्ट मात्र तिच्याच्याने सोडवली नाही. सरकारी कागद वाचताना इमामसाहेब चष्मा लावायचे. स्वतःच्या मनातलं बोलायचं झालं की तो काढून हातात धरायचे. हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. वरच्या सज्जात बायकांमध्ये बसून तिने ते टिपलं होतं.

तोंडी परीक्षेत तर तिने मार्गदर्शकांचा चष्मा मागून घेऊन हे करून दाखवलं. चांगला हशा पिकला होता. मार्गदर्शक म्हणाले होते, प्रबंधाचा सगळा जीव या एका पानात आहे. तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. आज ते आठवून स्वतःचीच किळस येत होती.

सकाळी इमामसाहेबांच्या मुलीचा निरोप आला होता. "मावशी, एक गंमत. काल एक माणूस घरी आला होता. फार गोड बोलत होता. बाबांना चष्मा नेहमी लागतो की फक्त वाचायला, असं विचारत होता. बाबा म्हणाले, चष्मेवाला असेल बिचारा, गिऱ्हाईक शोधत फिरतोय. तुम्ही कशा आहात?"

तेव्हापासून ती फोन लावत होती. मुलीचा बंद, बापाचाही बंद. तिने सात निरोप पाठवले होते, सातही एकच: आज प्रवचनात चष्मा काढू नका. सातांपुढेही एकेकच टिक होती, म्हणजे एकही पोचला नव्हता.

"नाव छापलंय का त्यांचं?" काकांनी विचारलं.

"नाही."

"गावाचं?"

"नाही."

"मग कशाला जीव टांगणीला लावून घेता, डॉक्टरबाई?" पदवी मिळाल्यापासून काका तिला याच नावाने चिडवत. "चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय तुमचं."

तिने वाद घातला नाही. पान राहू दे, निदान प्रबंध एकदा बघायला द्या, म्हणाली. ही एकच प्रत बाहेरच्यांना वाचायला मिळत होती. ती कुणी उघडलीच नसेल, तर कालचा माणूस खरंच चष्मेवाला होता. एवढीच तिची आशा होती, आणि ती तिने घट्ट धरून ठेवली होती.

काका आत गेले आणि काळ्या पुठ्ठ्याचा जाड प्रबंध घेऊन आले. येतानाच त्यांचा चेहरा खुलला होता. इथल्या प्रबंधांना एरवी काळं कुत्रं विचारत नाही, म्हणाले. पण तुमचा मागायला गेल्या महिन्यात मुद्दाम दोघंजण आले होते. परगावचे होते, पण काय ती सभ्य माणसं. दिवसभर त्या खिडकीपाशी बसून वाचत होते. जाताना आभार मानून गेले. तुम्हाला फोन करून पेढे मागणार होतो, ते राहूनच गेलं.

तिला पान शोधावं लागलं नाही. प्रबंध टेबलावर ठेवला आणि तो आपोआप तिथेच उघडला. 'चष्मा' या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती, पट्टी लावून मारलेली. बाकी पानावर एकही खूण नव्हती.

ती खुर्चीत बसली. पुन्हा फोन लावला. बंद. मुलगी आत्ता सज्जात पहिल्या रांगेत बसली असेल, फोन पिशवीत, पिशवी मांडीवर. घड्याळात सहा मिनिटं उरली होती. तिने आठवा निरोप लिहायला घेतला, पण घाईत अक्षरं चुकत होती.

"काढू नका हो," ती पुटपुटली. "एवढं ऐका. आजच्या दिवस काढू नका."

पानाबद्दल बोलतेय असं समजून काका म्हणाले, आता कसं शहाण्यासारखं बोललात. मग ते वाकले आणि त्यांना ती रेघ दिसली. त्यांनी चुकचुक केली. शिकल्यासवरल्या माणसांना पुस्तकावर खुणा करू नये एवढं कळू नये, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी खणातून खोडरबर काढला, एका हाताने पान धरलं आणि कागद खराब होऊ नये म्हणून हळूहळू रेघ खोडू लागले. तिच्या फोनवर आठवी एक टिक उमटली.

काकांनी पानावर फुंकर मारली, हाताने भुगा झटकला आणि प्रबंध तिच्याकडे वळवला.

"हे बघा," ते म्हणाले. "आता कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही."