सुईवरचं नाव

"सुई कुठून टोचता, सायेब?" तानीनं विचारलं.

"छातीतून. थेट आरपार."

"मंग परत उडत नाय?"

शशिकांत हसला. "मेलेली गांधीलमाशी कशी उडेल गं?"

बेलवलीतल्या भाड्याच्या खोलीत तो किड्यांचा अभ्यास करायचा. तानी बारवीच्या रानातून सागाच्या पानांवरच्या अळ्या द्रोणात भरून आणायची. त्यांतल्याच एका अळीला आतून खाऊन ही काळी, सडपातळ गांधीलमाशी बाहेर पडली होती. जगात कुणी तिची नोंद केली नव्हती. नाव ठेवायचा मान शशिकांतचा.

"अळ्या तू आणल्यास. तुझंच नाव देतो."

"माझं नको!" ती केवढ्यांदा ओरडली. मग हात जोडून म्हणाली, "कोंडाजी ठेवा. एवढं करा सायेब, जलमभर अळ्या आणीन."

"कोंडाजी कोण?"

तानीनं हातातला रिकामा द्रोण चुरगाळला. "माझा नवरा कोळशाच्या भट्टीत जळून मेला. दोन वर्सं झाली. मुकादम बोलला, पिऊन पडला. थेंब घेत नव्हता वो! पन आमचं कोन ऐकतं?"

या बायका नवऱ्याचं नाव मरेपर्यंत ओठांवर आणत नाहीत, हिनं किती सहज घेतलं, असं शशिकांतच्या मनात आलं. एवढ्या दुःखापुढे कसली आलीय लाज, बिचारी!

मुंबईच्या वरिष्ठांना माशीला स्वतःचं नाव हवं होतं. शशिकांत जन्मात पहिल्यांदा साहेबाशी भांडला. बढती गेली ती गेलीच. पण नाव कोंडाजीचंच लागलं, मागे लॅटिन शेपूट जोडून.

चोपन्न सालच्या माघात शास्त्रीय मासिकाचा छापील अंक आला. त्यानं तानीचं बोट धरून त्या नावावर टेकवलं. मग काचेची पेटी पुढे केली. आत माशी, माशीतून सुई, सुईला नावाची चिठ्ठी.

"तू-मी गेलो तरी हे नाव राहणार, तानी."

तिनं पेटी उजेडाकडे धरून सुई निरखली. शशिकांतचे डोळे भरून आले.

"सुई नीट बसलीय ना, सायेब?"

"अगदी आरपार."

"आन् चिठ्ठीवर नाव त्याचंच?"

"त्याचंच. शप्पथ."

"मंग कोंडाजी मुकादम काल उल्हासनगरच्या बाजारात पान खात कसा उभा व्हता?"