बुधवारचा बिघाड

ओंकार चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला होता. गुरुवारच्या सुट्टीलाही ओव्हरटाइमला पळणारा माणूस. पण हल्ली निघोजेतल्या घरी गाडीच्या खोलीचं शटर दर बुधवारी संध्याकाळी अडकायचं आणि गुरुवार त्याच्याशी झोंबण्यात जायचा.

"कंपनीतली येवढाली मशिनं ऐकत्यात तुझं, आन् घरचं शटर ऐकंना व्हय रं?" त्याची आई, सुभद्राबाई, चहा पुढं करत चिडवायची. संध्याकाळपर्यंत शटर लोण्यासारखं सरकू लागायचं, ते थेट पुढच्या बुधवारपर्यंत.

या बुधवारी शिफ्ट लवकर सुटली. ओंकार फाटकापाशी येऊन पाहतो तर आई स्टुलावर चढून शटरच्या पट्टीचा बोल्ट पान्यानं ढिला करत होती आणि त्याची बायको जयमाला खाली स्टूल धरून उभी होती.

"आत्याबाई, गेल्या खेपेला बारालाच उरकलं त्यांचं. लगेच कंपनीत जायला निघाले होते."

"मग आज दोन ढिले करती. दिसभर पुरत्याल."

ओंकार पाय न वाजवता मागं फिरला आणि कोपऱ्यावर जाऊन त्यानं साहेबांना फोन लावला.

"साहेब, उद्या ओव्हरटाइमला नाही जमायचं. घरचं शटर बिघडतंय."