साहेबांचा निरोप

"तुझं टेबल आजपासून मागच्या स्टोअरमध्ये," दमयंतीताई हळू आवाजात म्हणाल्या. "साहेबांचा निरोप हाय. मी खूप सांगून बघितलं गो."

करुणा मोहितेने रजिस्टरं उचलली. रत्नागिरीच्या त्या आंबा कारखान्यात ती सहा वर्षं आमरसाचे नमुने तपासत होती. डिसेंबरात सुर्वे साहेब व्यवस्थापक म्हणून आले, तेव्हा प्रयोगशाळेची प्रमुख तीच होणार, असं सगळे धरून चालले होते. दमयंतीताई तिच्याहून दहा वर्षांनी जुन्या. तरी पहिला पेढा त्यांनीच तिच्या तोंडात घातला होता.

आता मार्च होता. रिकाम्या डब्यांच्या थप्प्यांमध्ये एक टेबल, एक पंखा.

निरोप येतच राहिले. मीटिंगला तू नको. नमुने दमयंती तपासेल, तू फक्त लेबलं बघ. निरोप सांगताना ताईंचा चेहरा पडलेला असायचा. सांगून झालं की त्या आपला डबा उघडून तिच्यापुढे सरकवायच्या.

कँटीनमध्ये ती गेली की बोलणी थांबत. कुणीतरी अर्धवट हसे आणि ताटात बघे. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं सुकटीची चटणी वाटून खाल्ली, ती माणसं शेजारची खुर्ची सोडून बसत. फाटकावरचा काशीराम तेवढा रोज म्हणे, "सावकाश जा हां, बाय."

एकदा ती थेट केबिनमध्ये शिरली.

"साहेब, माझं काय चुकलं?"

सुर्वे साहेब गडबडून उठले. नजर टाळत म्हणाले, "काही नाही. काही असेल तर दमयंतीबाईंना सांगत जा. या तुम्ही."

दमयंतीताईंनी कपाळाला हात लावला. "अगो, थेट गेलीस? आता तो जास्तच खवळेल. यापुढे मला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नको."

तिने टाकलं नाही. झोप उडाली. एकच लेबल ती चार चार वेळा वाचू लागली, तरी बरोबर वाचलं की नाही याची खात्री वाटेना. आपल्याला खरंच काही येत नसेल, असंही तिला वाटू लागलं.

मे महिन्यात ताईंनी एक कागद तिच्यापुढे ठेवला. राजीनामा. टाइप केलेला.

"सही कर आणि सूट यातून. तुझे हाल बघवत नाहीत मला."

करुणाने तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि रविवारी देवरूखला घरी नेला. तिचे वडील भिवा मोहिते, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग ती रडत रडत सगळं सांगत राहिली आणि ते ऐकत राहिले.

"यात चूक तुझी हाय?"

"नाही, आबा."

"मग सही कसली? तक्रार लिही. तारीखवार लिही. शुद्धलेखन मी बघतो."

पाच पानं झाली. कंपनीच्या तक्रार समितीला तिने ती रजिस्टर पोस्टाने पाठवली. साक्षीदार म्हणून एकच नाव दिलं, दमयंतीताईंचं. सगळे निरोप त्यांनीच तर ऐकले होते.

सुनावणीच्या दिवशी दोघी बाकावर बसल्या होत्या. ताईंचे ओठ सुकले होते.

"मागे घे गो. अजून वेळ हाय. पाया पडते तुझ्या."

करुणाने त्यांचा हात हातात घेतला. "ताई, घाबरू नका. खरं तेवढंच सांगा. माझ्यामुळे तुमच्या नोकरीवर काही येऊ देणार नाही मी."

समितीच्या अध्यक्षा सगुणा शिरधनकर चिपळूणहून आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना आत बसवून तक्रार मोठ्याने वाचली. स्टोअरमधलं टेबल. बंद झालेल्या मीटिंगा. काढून घेतलेलं काम. कुणीही न बोलणं. सुर्वे साहेब मान खाली घालून ऐकत होते. पानागणिक त्यांच्या कपाळावर आठ्या वाढत गेल्या.

"तुम्हाला काय म्हणायचंय?" शिरधनकर बाईंनी विचारलं.

साहेबांनी फाईल उघडली आणि कागदांची चळत त्यांच्यापुढे ठेवली. "दर महिन्याचा एक अर्ज आहे, मॅडम. प्रत्येकावर करुणाबाईंची सही."

मग ते पहिल्यांदाच करुणाकडे सरळ बघत, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "करुणाबाई, गर्दी सोसत नाही, एकटं बसू द्या, काम कमी करा, आजाराबद्दल कुणी मला काही विचारू नका... मी तर सगळ्या स्टाफला बजावून ठेवलं होतं. हे सगळं तुम्हीच लिहून पाठवत होतात ना, दमयंतीबाईंच्या हाती?"